वादळाआधी झाडं अर्ध्यावर छाटून घ्यावीत का? बेटावरच्या अंगणातल्या झाडांबद्दल थोडं सविस्तर

प्रश्न असा आलाय की घर उष्ण कटिबंधातल्या बेटावर, समुद्र जवळ, अंगणात एक मोठा रेन ट्री, एक आंबा, चार-पाच नारळ आणि कुंपणाला लागून सुरूची रांग. वादळाचा सीझन तोंडावर आलाय आणि छाटणीवाला म्हणतोय की सगळी झाडं वरून अर्ध्यावर आणू, नारळाला शेंड्याच्या चार झावळ्या ठेवून बाकी साफ करू, म्हणजे वाऱ्याला काही सापडणारच नाही. करावं का, आणि करायचं नसेल तर मग नक्की काय करून घ्यावं, कोणाकडून?

नका करू. ही सगळी वर्षं झाडांवर चढून, उतरवून, पडलेली उचलून जे बघितलंय त्यावरून सांगतो की बेटावर घरांवर येणाऱ्या फांद्यांत मोठा वाटा अशा अर्ध्यावर छाटलेल्या झाडांचा असतो, आणि त्याचं कारण झाडाच्या आतच आहे.

मोठी फांदी किंवा शेंडा मध्येच कुठेतरी आडवा कापला की झाडाची अन्न बनवणारी पानं एकदम जातात, मग ते घाबरून (दुसरा शब्द सुचत नाही) त्या थोट्याच्या आजूबाजूने डझनावारी सरळ कोंब फेकतं. हे कोंब खोडाच्या आतून आलेले नसतात, सालीखालच्या वरवरच्या थरात अडकलेले असतात, आणि त्यांच्या खालीच तो उघडा थोटा कुजत असतो. थंड देशात ही गोष्ट सावकाश होते. आपल्याकडे हिवाळाच नाही, ऊब आणि ओल बारा महिने, त्यामुळे कोंबही धावतात आणि बुरशीही धावते, दोन-तीन पावसाळ्यांत मनगटाएवढे जाड, पानांनी गच्च भरलेले कोंब कुजक्या लाकडावर उभे असतात, उंची जवळपास होती तिथे परत आलेली असते, आणि पुढच्या वादळात तेच आधी उचकटतात. म्हणजे पैसे देऊन झाड आहे त्यापेक्षा धोकादायक करून घेतलं.

आता कुजण्याबद्दल एक मूळ गोष्ट. आपल्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड जखमी लाकडाच्या भोवती आतून भिंती घालतं, तो भाग बंद करून टाकतं आणि वरून नवीन लाकूड चढवतं, जुनी जखम आत तशीच राहते. अॅलेक्स शायगो नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं, १९७७ मध्ये त्यावरची पुस्तिका आली, आणि त्यानंतर छाटणीचा कट कुठे घ्यायचा हे सगळं नव्याने ठरलं. कट कुठे घ्यायचा ते स्वतः बघा, अवघड नाही. आंब्याची एक फांदी खोडाला मिळते तिथे जवळून बघा, वरच्या बाजूला बेचक्यात साल दुमडून काळपट, खरखरीत घडी झालेली दिसते आणि खालच्या बाजूला फांदी किंचित फुगलेली असते, गळ्याभोवती कॉलर असावी तशी. त्या घडीच्या बाहेरून त्या फुगवट्याच्या बाहेरपर्यंत, तिरका, असा कट हवा. कॉलर खोडाकडे राहिली पाहिजे. खोडाला चिकटून गुळगुळीत कापलं तर कॉलर गेली, भिंत घालणारी यंत्रणाच गेली. आणि हातभर खुंट ठेवला तर तो मरतो, कुजतो, कूज खोडात उतरते आणि तिथे पुढे ढोली होते. नीट घेतलेल्या कटाभोवती वर्षभरात चारी बाजूंनी सारखी गोल कडी फुगायला लागते, जुन्या छाटणीवर अशी कडी दिसली तर समजा आधीच्या माणसाला काम कळत होतं. कडी लांबट, फक्त दोन बाजूंनी असेल तर कट खोडाला चिकटून गेलेला आहे.

जड फांदी असेल तर आधी थोडं बाहेरून खालच्या बाजूने अर्धवट कट, मग त्याच्या जरा पुढे वरून कापून वजन उतरवायचं आणि मग राहिलेला खुंट कॉलरशी. हे तीन कट नाही घेतले तर फांदी पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. कटावर रंग, डांबर, पेस्ट लावायची काही गरज नाही, कूज त्याने थांबत नाही, उलट आत ओल धरून राहते.

रेन ट्रीकडे येऊ कारण तुमच्या अंगणातला खरा विषय तो आहे. या झाडाचं छत्र आडवं पसरतं, उंचीपेक्षा रुंदी जास्त, आणि लांबच्या आडव्या फांद्यांच्या टोकाला वजन. इथे करायचं असतं ते टोकाकडचं वजन कमी करणं. फांदी आत आणायची ती अशा ठिकाणी की जिथे बाजूला एक जिवंत उपफांदी आहे आणि ती कापल्या जाणाऱ्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची आहे, म्हणजे ती पुढचं काम सांभाळते आणि कोंबांचा झुबका येत नाही. एका वर्षात जिवंत पानांचा पाव हिस्सा ही वरची मर्यादा धरा, म्हाताऱ्या झाडाला त्याहून बरंच कमी. आणि एक पद्धत जी बघायला स्वच्छ वाटते म्हणून लोकांना फार आवडते, ती टाळा, फांद्यांच्या आतल्या सगळ्या बारीक फांद्या साफ करायच्या आणि फक्त टोकाला पानांचा गोंडा ठेवायचा. सगळं वजन टोकाला जातं, फांदी वाऱ्यात चाबकासारखी हलते आणि मध्येच तुटते. 'वारा आरपार जाऊ दे' म्हणून जे करतात त्यात निम्म्या वेळा हेच होतं. आतली पालवी फांदीचं हलणं आवरते, ती राहू द्या.

दुसरं बघायचं म्हणजे दोन सारख्या जाडीची खोडं एकाच ठिकाणाहून इंग्रजी व्ही सारखी वर गेलीयेत का. त्या बेचक्यात साल आत दाबली गेली असेल तर तिथे लाकूड लाकडाला जोडलेलंच नसतं, वरून दिसायला दणकट आणि आतून नुसती चिकटलेली साल. लहान झाड असताना त्यातलं एक आखूड करून दाबून ठेवलं की विषय संपतो, अंगठ्याएवढ्या जाडीचा कट असतो तो. वीस वर्षांनी तेच काम करायला क्रेन लागते, आणि तेव्हा नीट करता येतच नाही, केबल टाकून बांधून ठेवावं लागतं. म्हणून मी कायम सांगतो की घरमालकाने सगळ्यात जास्त खर्च झाडाच्या पहिल्या आठ-दहा वर्षांत करावा, दरवर्षी थोडंथोडं. या हवामानात तर ते जास्तच लागू पडतं. फाल्काटारिया, ज्याला हवाईत अल्बिझिया म्हणतात, ते झाड पहिल्या वर्षातच कित्येक मीटर वाढतं, लाकूड ठिसूळ, आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये इझेल वादळ हवाईच्या मोठ्या बेटावर आलं तेव्हा पुना भागात याच झाडांनी रस्ते आणि विजेच्या तारा बंद पाडल्या, लोक दिवसेंदिवस अडकले. वाढीचा वेग आणि लाकडाची ताकद सहसा एकत्र येत नाही.

पण हे सगळं वरचं झालं, आणि जो माणूस आल्या आल्या वर बघून भाव सांगतो त्याच्याकडून काम करून घेऊ नका. आधी बुंधा बघायचा असतो. खोड जमिनीत जाताना रुंद होत जातं का, मुळांचे पाय दिसतात का ते बघा. खोड खांबासारखं सरळ मातीत घुसलेलं असेल तर वर माती चढवलेली आहे किंवा मूळच खोलवर लावलेलं आहे, तिथली साल सतत ओली राहून कुजते. माती हाताने बाजूला करून बघा, कुंडीत असताना गोल फिरलेलं एखादं मूळ खोडाला फास लावून बसलेलं सापडतं. मग लाकडी हातोड्याने बुंध्याभोवती ठोकत जा, भरीव आवाज एका ठिकाणी बदलून पोकळ, ढबढब येतो, तिथे जाड स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबा. सहज आत गेला तर तिथलं लाकूड राहिलेलं नाही. झाडाच्या एका बाजूची जमीन उचललेली दिसतेय का, तिथे अर्धगोल भेग आहे का, जोराचा वारा असताना तिथली माती हलते का, हे लांबून बघा आणि हलत असेल तर त्या झाडाखाली कोणाला जाऊ देऊ नका, त्याच दिवशी माणूस बोलवा.

पॅसिफिकमधल्या बेटांवर, गुआम, अमेरिकन सामोआ वगैरे, मुळांचा एक तपकिरी कूज रोग आहे, फेलिनस नॉक्सियस नावाच्या बुरशीचा, तो बुंध्यावर काळपट तपकिरी, खरखरीत, माती चिकटलेली कातडी चढवत वर येतो, जणू झाडाने मोजा घातलाय. मुळाला मूळ लागून शेजारच्या झाडात जातो, नीरफणस, आंबा, वड कशालाही सोडत नाही. असं काही दिसलं तर ते झाड आणि त्याची मुळं जमतील तितकी काढायची, आणि त्या खड्ड्यात लगेच दुसरं झाड लावायचं नाही.

मुळांबद्दल अजून एक, कारण घरमालक स्वतः हे नुकसान करतात. बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत असतात आणि छत्राच्या कितीतरी बाहेर पसरलेली असतात. प्रवाळाच्या वाळूत किंवा खाली पाणी लागणाऱ्या जमिनीत तर खाली जायला जागाच नसते. खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचा गोल शक्यतो खणायचा नाही, म्हणजे अर्धा मीटर जाडीच्या खोडाला सहा मीटर. आणि व्यासाच्या तीनपटीच्या आत मोठं मूळ तोडलंत तर झाडाचा नांगरच कापला. पाइपलाइन, कंपाउंडचा पाया, ड्राइव्ह वे, सेप्टिक टँक, यानंतर दोन-चार वर्षांनी झाड आडवं होतं आणि दोष वादळाला जातो.

नारळ. छाटणीवाल्याचा तो चार झावळ्या ठेवायचा सल्ला नारळासाठी सगळ्यात वाईट आहे. नारळ, सुपारी, रॉयल पाम हे बाकी झाडांसारखे नाहीतच. त्यांना एकच वाढीचा कोंब, शेंड्याला. खोडाला सालीखाली वाढणारा थरच नाही, त्यामुळे खोडावर झालेली जखम आयुष्यभर तशीच. बुटाला खिळे लावून चढलेल्या माडाचं खोड बघितलंय का? वर्षानुवर्षांची भोकं, प्रत्येकातून तांबडा रस ओघळून वाळलेला, आणि त्याच वाटेने भुंगे आणि बुरशी. खिळे फक्त तोडून टाकायच्या झाडावर. गवत कापायच्या मशीनची दोरी बुंध्याला लागते तेही तसंच, म्हणून बुंध्याभोवती हातभर जागेत गवतच ठेवू नका.

हिरवी झावळी म्हणजे माडाचं जेवण. आणि जुन्या पिवळ्या पडत चाललेल्या झावळ्याही काढायची घाई नको, कारण पोटॅशियम कमी असलं की माड खालच्या झावळ्यांमधलं पोटॅशियम ओढून नव्या पानांना देतो, तुम्ही ती झावळी कापली की तो तिच्या वरच्या झावळीला हात घालतो, मग ती पिवळी पडते, मग तीही कापली जाते आणि शेंडा बारीक होत जातो. पूर्ण वाळलेल्या, लोंबणाऱ्या झावळ्या, पोय आणि नारळ काढा. घड्याळाचे काटे नऊ आणि तीनवर असताना जी आडवी रेष होते तिच्या वरची एकही हिरवी झावळी कापायची नाही, एवढा नियम लक्षात ठेवा. वादळात मधल्या कोवळ्या कोंबाला आधार याच झावळ्यांचा असतो, त्या काढल्या की कोंब एकटा उभा राहतो आणि मोडतो, आणि कोंब मोडला की माड संपला. नारळ मात्र वादळाआधी जरूर उतरवून घ्या, किलो-दीड किलोचं फळ वाऱ्याबरोबर सुटलं तर खिडकी, कौलं, गाडी काहीही फोडतं. ज्या माडाखालून रोज ये-जा आहे तिथे वर्षातून निदान दोनदा.

एका माडावरून दुसऱ्यावर जाताना करवत आणि कोयता स्पिरिटने किंवा ब्लीचच्या पाण्याने पुसून घ्यायला लावा, काही पाममध्ये फ्युजेरियम नावाच्या बुरशीचा मर रोग हत्यारावरूनच फिरतो. बुंध्याच्या खालच्या मीटर-दीड मीटरमध्ये कपाटाच्या फळीसारखी कडक, वरून तांबूस चकाकणारी अळंबी आली असेल तर ती गॅनोडर्मा, त्याला औषध नाही, आतला भाग कुजलेला असतो. तो माड घराच्या टप्प्यात असेल तर काढा, आणि त्या जागी पुन्हा पाम लावू नका. झावळ्यांवर कात्रीने त्रिकोण कापल्यासारखे काप दिसले तर गेंड्या भुंगा. गुआममध्ये तो २००७ मध्ये सापडला, हवाईच्या ओआहूवर २०१३ च्या डिसेंबरमध्ये, आणि त्याच्या अळ्या कुजणाऱ्या पालापाचोळ्यात, शेणखतात, पडलेल्या माडाच्या ओंडक्यात वाढतात. म्हणून छाटणीचा कचरा परसात ढीग करून ठेवायचा नाही आणि कुठून आलंय माहीत नसलेलं मल्च (झाडाखाली पसरायचं पालापाचोळ्याचं आच्छादन) किंवा कंपोस्ट उतरवून घ्यायचं नाही.

सुरूच्या रांगेबद्दल स्पष्ट सांगतो, हे झाड किनाऱ्याला वारा अडवायला उत्तम आणि घराला खेटून वाईट. उंच, वर जड, उथळ मुळांचं, वाळूत मुळासकट उपटतं. शेंडा छाटला तर जुन्या लाकडातून नीट फुटत नाही, झाड हळूहळू मरतं. गुआममध्ये तर २००२ पासून सुरू मरतायत, वाळवी, बुरशी आणि जीवाणू असं सगळं मिळून. तुमच्या रांगेतलं झाड पडलं तर घरापर्यंत पोचतं का एवढं मोजा, पोचत असेल तर काढायचा विचार करा पण एकदम नाही. रांगेतली झाडं एकमेकांच्या आडोशाने वाढलेली असतात, निम्मी काढली की उरलेल्यांना असा वारा लागतो जो त्यांनी कधी बघितलेलाच नाही आणि ती लगेच जातात. आधी आतल्या बाजूला छोटी, दणकट झाडं गटाने लावा, ती चांगली वाढली की मग घराच्या टप्प्यातला सुरूचा सलग तुकडा आधी काढा. फ्लोरिडात १९९२ च्या अँड्र्यू वादळापासून पुढे अनेक वादळांनंतर तज्ज्ञांनी पडलेली-उभी झाडं मोजली, कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावरचीही, आणि त्यात गटातली झाडं एकट्या झाडांपेक्षा जास्त टिकली, आणि नीट छाटलेली न छाटलेल्यांपेक्षा.

आंब्याचं काम सोपं, फळं उतरल्यावर लगेच छाटा, मध्यभागी उजेड जाईल एवढंच उघडा, उंची दरवर्षी थोडी आवरत राहा. एकदम जास्त उघडलंत तर आतापर्यंत सावलीत असलेली साल उन्हाने भाजून तडकते, तसं झालं तर त्या फांद्यांना पातळ चुना मारा. चीक डोळ्यात, अंगावर जाऊ देऊ नका.

मल्च सगळ्यांना घाला, पाच ते दहा सेंटीमीटर, पसरट, खोडापासून वीतभर लांब. खोडाला टेकून डोंगर करून ठेवायची पद्धत आहे ती सोडा, तिथे वाळवीला आपण घर बांधून देतो. प्रवाळाची जमीन अल्कधर्मी असते त्यामुळे लोह आणि मँगनीज जमिनीत असूनही झाडाला मिळत नाही, नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, किंवा माडाची नवी झावळी आखूड, कुरळी, भाजल्यासारखी निघते. लॉनचं भरपूर नायट्रोजनवालं खत माडाला देऊ नका, वाढ होते आणि पोटॅशियमची ओढाताण अजून वाढते. पामसाठीचं, सावकाश सुटणारं, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम असलेलं खत घ्या.

माणूस कसा निवडायचा. आयएसए ही आर्बोरिस्टांची, म्हणजे झाडांची निगा राखणाऱ्या तज्ज्ञांची, आंतरराष्ट्रीय संस्था परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देते, तसं कोणी बेटावर असेल तर निदान तपासणी आणि लेखी रिपोर्ट त्याच्याकडून घ्या, मग प्रत्यक्ष कापायचं काम दुसऱ्याने केलं तरी चालेल. सर्टिफिकेटवाला नसेल तर हे विचारा: कट कुठे घेणार, दाखवा. चढताना खिळे लावणार का. वरती कोणाला काही झालं तर खाली उतरवणारा दुसरा माणूस आहे का. कामगारांचा आणि नुकसानीचा इन्शुरन्स आहे का, कागद बघू. कोटेशनमध्ये 'झाड साफ करणे' असं मोघम नको, कोणत्या फांद्या, किती, कशासाठी, कचरा कोण नेणार असं लिहून घ्या. विजेच्या तारेपासून तीन मीटरच्या आत कोणाचीही शिडी, बांबू, करवत जाता कामा नये, तिथे वीज कंपनीला कळवायचं आणि त्यांची माणसं येईपर्यंत थांबायचं, ओली फांदी करंट आणते आणि त्यात माणसं मरतात. आणि हे सगळं सीझन तोंडावर आल्यावर नाही, दोन-तीन महिने आधी, कारण ऐनवेळी चांगली माणसं मिळत नाहीत आणि कापलेल्या फांद्या पडून राहिल्या तर वादळात त्याच उडतात. तुमचा सीझन आत्ताच आलाय, त्यामुळे या वर्षी फक्त सुकलेल्या, तुटून अडकलेल्या फांद्या आणि नारळ उतरवा, बुंधे तपासून घ्या, बाकीचं काम सीझन संपल्यावर.

वादळ गेल्यावर दारावर येणाऱ्या 'आज करून टाकतो, अॅडव्हान्स द्या' वाल्यांपासून सांभाळा. पानं झडलीत म्हणून झाड मेलं असं धरू नका, २०१७ च्या सप्टेंबरमध्ये मारिया वादळ पोर्तो रिकोवरून गेलं तेव्हा डोंगरच्या डोंगर तपकिरी झाले होते आणि काही महिन्यांत पुन्हा हिरवे दिसायला लागले. बारीक फांदीची साल नखाने खरवडा, खाली हिरवं, ओलं दिसलं तर थांबा, निदान सहा महिने. खारा वारा बसला असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत पानं गोड्या पाण्याने धुवा, समुद्राचं पाणी आत आलं असेल तर जमिनीवर भरपूर गोडं पाणी सोडून मीठ खाली जाऊ द्या. लहान झाड, खोड दहा सेंटीमीटरच्या आत, आडवं झालं असेल तर मुळं ओल्या गोणपाटाने झाकून ठेवा, खालचा खड्डा मोकळा करा, दोन-चार दिवसांत उभं करा आणि तीन बाजूंनी बांधा, माड मुळं शाबूत असतील तर त्याहून मोठाही उभा होतो. मोठा रेन ट्री उपटला तर उभा करायच्या भानगडीत पडू नका, तो परत कधीच भरवशाचा होत नाही. बांधताना तार नाही, रुंद पट्टा वापरा, आणि वर्षाच्या आत सोडा, नाहीतर तो सालीत रुततो आणि पुढच्या वाऱ्यात खोड बरोबर तिथेच मोडतं.